‘गुड’, ‘चांगला’ आणि ‘म्हणून’

इंग्रजीतील ‘गुड’ हे विशेषण इतके परिचयाचे आहे की, त्याच्या अर्थाविषयी काही सांगण्याची गरज असेल असे सहसा वाटत नाही. तथापि विसाव्या शतकातील आंग्ल नीतिमीमांसेचा बराच मोठा भाग या एका शब्दाच्या विश्लेषणाने व्यापला आहे. साहित्यसमीक्षकालाही या विश्लेषणाशी कर्तव्य आहे. कारण ‘ही चांगली कविता आहे’ हे विधान केल्यावाचून त्याचे चालत नाही, आणि त्या विधानाने नेमके काय प्रतिपादिले, हे त्याला क्वचितच विचारले जाते.

चाकू, बुद्धिबळपटू, हृदय, पाऊस, जेवण आणि माणूस या सर्वांना ‘गुड’ म्हणता येते. गेऑर्ग हेन्रिक फॉन राइट यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात या चांगुलपणाचे साधनात्मक, कौशल्यात्मक, वैद्यकीय, उपकारक, सुखात्मक असे प्रकार वेगळे केले, आणि ते एकाच जातीचे पोटभेद मानता येत नाहीत, असे दाखविले. याखेरीज ‘फॉर गुड’ म्हणजे कायमचे, ‘गुड्स’ म्हणजे माल. मराठीतही ‘चांगला तासभर’, ‘चांगलीच फजिती’, ‘भला मोठा धोंडा’ या प्रयोगांत मूल्यभाव लोपून केवळ परिमाण वा तीव्रता उरते. मात्र कठोपनिषदाने काटेकोरपणे वेगळे ठेवलेले श्रेय आणि प्रेय इंग्रजीत एकाच शब्दाखाली नांदू शकतात. ‘गुड लाइफ’ म्हणजे सदाचाराचे जीवन की सुखासीन जीवन, हे संदर्भावाचून सांगता येत नाही.

जी. ई. मूर यांनी १९०३ साली असे प्रतिपादिले की, ‘गुड’ हा पिवळेपणासारखाच एक सरल, व्याख्यातीत गुण आहे. मात्र तो नैसर्गिक गुण नव्हे. पीटर गीच यांनी १९५६ च्या एका छोट्या निबंधात या भूमिकेच्या व्याकरणावरच बोट ठेवले. ‘पिवळी पेन्सिल’ म्हणजे जी पिवळी आहे आणि पेन्सिलही आहे अशी वस्तू. पण ‘मोठी मुंगी’ हा मोठा प्राणी नव्हे. ‘चांगला’ हे विशेषण ‘मोठा’च्या कुळातले आहे, नामापासून तोडले की ते निरर्थक होते. म्हणूनच ‘चांगला चोर’ हा शब्दप्रयोग आपल्याला कळतो, आणि त्यावरून तो चांगला माणूस असल्याचे कोणी अनुमान काढीत नाही.

गीच यांचा मुद्दा मराठी भाषा एका साध्या अव्ययाने पेलते. ‘कवी म्हणून चांगला’, ‘माणूस म्हणून चांगला’ असे आपण म्हणतो. हाच ‘म्हणून’ कारणही दर्शवितो: ‘अमुक गुण आहेत, म्हणून चांगला’. आर. एम. हेअर यांनी १९५२ मध्ये आग्रहाने मांडले की, दोन वस्तू इतर सर्व बाबतींत सारख्या असून केवळ चांगुलपणात भिन्न असू शकत नाहीत. ‘चांगले’ म्हणणारा कारणाने बांधला जातो. तात्पर्य, मूल्यविधान करणाऱ्याला दोन प्रश्नांचे उत्तर द्यावे लागते: काय म्हणून चांगले? आणि कशामुळे म्हणून चांगले?

कवितेच्या बाबतीत पहिलाच प्रश्न अडतो. चाकूचे कार्य ठरलेले असते. कवितेचे कार्य कोणते, यावर एकमत नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या नावांशी निगडित वाद या दृष्टीने पाहिला तर तो ‘म्हणून’च्या आधी कोणते नाम ठेवावे याविषयीचा वाद ठरतो. एक पक्ष ‘कलाकृती’ ठेवतो, दुसरा ‘मानवी व्यवहार’. आणि दोघेही ‘चांगली’ हा एकच शब्द वापरीत असल्याने आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत, असे त्यांना वाटत राहते.

मग नाम नेमके सांगितले की प्रश्न मिटला काय? येथे नैतिक अडचण उभी राहते. १९६१ साली जेरुसलेम येथे ज्याच्यावर खटला चालला, त्या आइखमानच्या बचावाचा एक धागा असा होता की, आपण हुकूम पाळणारे, कर्तव्यदक्ष अधिकारी होतो. ‘अधिकारी म्हणून चांगला’ हे विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. भीषण आहे ती त्या ‘म्हणून’ची आड. अधिकारी, चोर, कवी या भूमिका आहेत, त्या सोडता येतात. ‘माणूस’ ही तशी भूमिका नव्हे. त्यामुळे ‘माणूस म्हणून’ हा प्रश्न इतर कोणत्याही ‘म्हणून’ने बाद होत नाही.

कविता ही माणसाने माणसांना उद्देशून केलेली कृती असल्यामुळे तिलाही हे लागू पडते. अर्थात यावरून सद्हेतूने कविता चांगली होते, असे निष्पन्न होत नाही. पुरोगामी आशयाला कलागुणांच्या जागी बसविणे हीसुद्धा नामांची अदलाबदलच होय. परंतु समजा, एखादी कादंबरी एका जातीविषयीचा तिरस्कार वाचकाला चवीने भोगायला लावते. तिची निवेदनशैली जितकी सफाईदार, तितका तो तिरस्कार अधिक मुरतो. अशा वेळी ‘कादंबरी म्हणून चांगली’ हे विधान तिच्यावरील आरोपाला सौम्य करीत नाही. ते आरोपाचाच भाग बनते. म्हणून दोन्ही निवाडे उच्चारणे समीक्षकाला भाग आहे. एकाची कारणे दुसऱ्याच्या खाती जमा करण्याची मुभा ‘चांगली’ हा शब्द त्याला सहज देतो. ती त्याने घेऊ नये.