काशीचे पंडित आणि इंग्रजीतला ‘पंडिट’

इंग्रजीत ‘पंडिट’ म्हणजे आज वृत्तवाहिन्यांवर राजकारण, क्रिकेट वा शेअर बाजार यांविषयी मत देणारा जाणकार. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शब्दाला एक नेमका कायदेशीर अर्थ होता आणि तो आता जुन्या निवाड्यांत व कोशांतच आढळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयात इंग्रज न्यायाधीशाला हिंदू धर्मशास्त्र सांगणारा पगारी अधिकारी, हा तो अर्थ. या दोन अर्थांमधील अंतर समजून घ्यायचे तर काशीतल्या मराठी शास्त्र्यांकडे वळावे लागते.

संस्कृतात ‘पंडा’ म्हणजे बरेवाईट पारखणारी विवेकबुद्धी आणि ती ज्याच्या ठायी आहे तो पंडित. सतराव्या शतकात हा शब्द युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात रुळू लागला. फ्रेंच वैद्य बर्निए 1660 च्या दशकात काशीस आला असता तिथल्या पंडितांच्या प्रमुखाने त्याला आपल्या ग्रंथालयात नेले आणि आणखी सहा विद्वानांशी त्याची गाठ घालून दिली. हा प्रमुख म्हणजे शहाजहानकडून काशी-प्रयागचा यात्रेकर माफ करवून घेणारे गोदातीरचे संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती, असे अनेक संशोधक मानतात. त्या काळी काशीत पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याचा मोठा दबदबा होता. ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट, ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठभट्ट आणि 1674 मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे सारे याच घराण्यातले.

या पंडितांचे मत एकट्याचे नसे, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दक्षिणेतून वाद आला की विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरे, वचने काढली जात, त्यांवर खल होई आणि अखेरीस निर्णयपत्रावर जमलेल्यांच्या संमतीच्या सह्या होत. देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जाविषयीचे 1657 चे निर्णयपत्र याच पद्धतीने झाले. या सभांनी जातींच्या उतरंडीला बळ दिले आणि स्त्रियांना व बहुसंख्य समाजाला दाराबाहेर ठेवले, हे विसरून चालणार नाही. तरीही सही करणाऱ्याला आपल्या मताचा जाब समविद्य सभेत द्यावा लागे.

वॉरन हेस्टिंग्जच्या 1772 च्या योजनेने वारसा, विवाह अशा बाबींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे न्याय द्यायचे ठरवले, तेव्हा हा पंडित सभेतून उचलला जाऊन न्यायालयात एकटा बसला. त्याने दिलेल्या लेखी मताला, म्हणजे ‘व्यवस्थे’ला, तपासणारे कोणी उरले नाही, न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हते आणि म्हणूनच त्याचा पंडितावर विश्वासही नव्हता. न्यायाधीश विल्यम जोन्स संस्कृत शिकला तो बव्हंशी या अविश्वासापायी. कंपनीचा अधिकारी जोनाथन डंकन याने 1791 मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा काढली, तिच्या हेतूंपैकी एक न्यायालयांना शास्त्राचे जाणकार पुरवणे हा होता. पुढे ग्रंथांची भाषांतरे झाली, बोराडेलने ‘व्यवहारमयूख’ 1827 मध्ये इंग्रजीत आणला, मुंबई इलाख्यातल्या वारसाहक्काच्या दाव्यांत तो आधार म्हणून वापरला जाऊ लागला आणि 1864 च्या कायद्याने पंडितांचे पदच संपले. ग्रंथ राहिला, त्याचा अर्थ लावणारी परंपरा मात्र न्यायालयाबाहेर पडली.

पद गेले तरी शब्द मोकळाच होता. तिबेटची गुप्त मोजणी करणाऱ्या कुमाऊँच्या नैनसिंग रावत या शिक्षकाला आणि त्याच्या साथीदारांना सर्वेक्षण खात्याने ‘पंडिट’ म्हटले. 108 ऐवजी 100 मण्यांची माळ ओढत पावले मोजणाऱ्या या माणसाची चूकही नकाशावर उघडी पडली असती, म्हणजे जबाबदारी इथेही होतीच. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 1884 मध्ये ‘पंडिट्स’ नावाचे मंडळ काढले ते थट्टामस्करीसाठी, आणि पुढे वृत्तपत्रांनी हा शब्द राजकीय भाष्यकाराला लावला. शास्त्र, सभा आणि सही हे तिन्ही आधार तिथवर गळून पडले होते. आता तोच अर्थ मराठीत परतला असून, निवडणुकीचे अंदाज चुकले की वृत्तपत्रे लिहितात : ‘राजकीय पंडितांची भाकिते खोटी ठरली.’