पाणी बंद, माहिती चालू

अमेरिकेत बास माशाच्या व्यावसायिक स्पर्धा ज्या जलाशयावर व्हायच्या असतात, तो जलाशय स्पर्धेच्या काही आठवडे आधी स्पर्धकांपुरता बंद होतो. गावातल्या इतरांनी तिथे खुशाल गळ टाकावा, बोट फिरवावी. ज्याचं नाव स्पर्धेत आहे त्याने मात्र त्या पाण्यावर पाऊल ठेवायचं नाही. मग अधिकृत सरावाचे दोन-तीन दिवस सगळ्यांना सारखे मिळतात आणि लगेच स्पर्धा सुरू होते. यामागचा हेतू सरळ आहे. ज्याच्याकडे महिनाभर तळ ठोकून बसायला पैसा आणि सवड आहे, त्याने स्पर्धेआधीच स्पर्धा जिंकू नये. हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण तो साधण्यासाठी केलेले नियम हळूहळू पाण्यावरच्या बोटीकडून माणसाच्या डोक्यातल्या ज्ञानाकडे वळत गेले आहेत, आणि तिथे ते न्यायाचे राहत नाहीत असं माझं मत आहे.

सरावात नेमकं काय मिळतं, ते आधी पाहायला हवं. कसलेला स्पर्धक सरावाच्या दिवशी मासे पकडायला जात नाही. गळाच्या टोकावर तो प्लॅस्टिकच्या नळीचा बारीक तुकडा चढवतो. मासा आमिष तोंडात घेतो, काठीला हिसका बसतो, पण गळ रुतत नाही. दोन हिसके मिळाले की ती जागा जीपीएसवर नोंदवायची आणि निघायचं. कारण आज दुखावलेला मासा परवा, वजनकाट्याच्या दिवशी, त्याच आमिषाला तोंड लावील याचा भरवसा नसतो. बहुतेक स्पर्धांत दिवसाच्या सर्वोत्तम पाच माशांचं वजन धरतात, मासे जिवंत ठेवून परत सोडतात, आणि क्रमांक कधीकधी काही ग्रॅमवर ठरतो. प्रवेश शुल्क हजारो डॉलर, बोट सगळ्या यंत्रांसह लाख डॉलरला टेकते. अशा खेळात आधी मिळालेल्या चार जागांचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

पण या जागांच्या ज्ञानात दोन जाती आहेत. एक लवकर शिळी होणारी. पाणी साधारण पंधरा ते वीस अंश सेल्सिअसला आलं की बास अंडी घालायला उथळात येतो; थंडीची एक लाट आली की पुन्हा खोलात सरतो. टेनेसी नदीवरच्या गंटर्सव्हिलसारख्या जलाशयात वीजनिर्मितीसाठी धरणातून पाणी सोडलं की प्रवाह सुरू होतो आणि मासे बुडालेल्या मूळ पात्राच्या कडेला येऊन लागतात. पाणी थांबलं की पांगतात. महिन्यापूर्वी मासे कुठे होते, याला आज फार थोडी किंमत असते. दुसरी जात टिकाऊ. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, पण भिगवणच्या मच्छीमाराला ते बुडालेलं असतानाही कुठे आहे हे ठाऊक असतं. अलाबामातल्या माणसालाही आपल्या जलाशयातला बुडालेला रस्ता, एखाद्या घराचा पाया, कुणी मासे जमावेत म्हणून मुद्दाम बुडवलेलं सीडरचं झाड, हे सगळं असंच ठाऊक असतं. काही आठवड्यांची बंदी पहिल्या जातीचं ज्ञान अडवते, जे आपोआपच जुनं होणार होतं. दुसऱ्या जातीला ती हातही लावत नाही.

मग घरच्या पाण्यावरचा माणूस नेहमी जिंकत असेल, असं वाटेल. नोंदी तसं सांगत नाहीत. या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे बासमास्टर क्लासिक. ती १९७१ मध्ये सुरू झाली, आणि स्वतःच्या राज्यातल्या पाण्यावर ती जिंकणारा पहिला माणूस निघाला तो थेट २००७ मध्ये: अलाबामाचा बॉइड डकेट, अलाबामातल्याच ले लेकवर. त्यानंतर २०१४ ला गंटर्सव्हिलवर रँडी हॉवेल, २०१५ ला हार्टवेलवर केसी अ‍ॅशली, २०१६ ला ओक्लाहोमातल्या ग्रँड लेकवर एडविन इव्हर्स, असे घरचे विजेते ओळीने आले. पण साडेतीन दशकांचा तो दुष्काळ विचार करायला लावणारा आहे. त्या काळातल्या पहिल्या काही क्लासिक गुप्त, म्हणजे आधी न सांगितलेल्या, पाण्यावर झाल्या, हे खरं. तरी बाकीच्यांचा हिशेब उरतोच. याचं एक कारण जाणकार सांगतात आणि ते मला पटतं. घरचा माणूस मासे आज कुठे आहेत ते शोधण्याऐवजी गेल्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी जिथे मिळाले त्या जागांवर जातो. बाहेरून आलेल्याला आठवणी नसतात, म्हणून त्याला पाणी वाचावंच लागतं. ज्ञान म्हणजे निव्वळ फायदा, हे नियमकर्त्यांचं गृहीतकच अर्धंमुर्धं आहे.

संयोजकांना अज्ञान वाटून समानता आणायची ओढ मात्र पहिल्यापासून आहे. विमा एजंट असलेल्या रे स्कॉटने १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बास नावाची संघटना उभी केली. १९७१ च्या पहिल्या क्लासिकला त्याने २४ स्पर्धकांना विमानात बसवलं; आपण नेवाडातल्या लेक मीडवर चाललो आहोत, हे त्यांना उड्डाणानंतर सांगितलं. बोटी सगळ्यांना एकसारख्या. बॉबी मरे दहा हजार डॉलर घेऊन गेला. ती व्यवस्था मला आजही निर्मळ वाटते. कुणी कुणावर संशय घ्यायची गरज नव्हती, कारण ठिकाणच कुणाला माहीत नव्हतं. पण प्रेक्षकांना आणि यजमान गावांना अंधारात ठेवून इतका मोठा सोहळा फार वर्षं चालणं शक्य नव्हतं, आणि ती प्रथा पुढे सुटली. तीच कल्पना २०११ मध्ये मेजर लीग फिशिंगने पुन्हा उचलली: आपण कुठल्या पाण्यावर उतरणार हे कप स्पर्धेतल्या स्पर्धकांना तिथे नेईपर्यंत कळू द्यायचं नाही, सराव तर नाहीच. तिचे संस्थापक गॅरी क्लाइन आणि बॉइड डकेट. घरच्या राज्यात क्लासिक जिंकून दाखवणाऱ्या माणसाने घर हा मुद्दाच काढून टाकणारा खेळ बांधावा, हे मला फार बोलकं वाटतं.

गुप्त ठिकाण शक्य नसेल तिथे पाणी काही काळ बंद ठेवणं योग्यच आहे. बोट पाण्यावर आहे की नाही, हे काठावरच्या कुणालाही दिसतं. नियम पाळला की मोडला हे डोळ्यांनी ठरतं. फॉर्म्युला वनने खर्च आवरण्यासाठी २००९ पासून हंगामातल्या चाचण्यांवर बंदी घातली, ती बहुतांशी पाळली गेली त्याचं कारणही हेच: मोटार ट्रॅकवर उतरली की लपत नाही. पैसा मात्र थांबला नाही, तो सिम्युलेटरकडे वळला. इथेही तसंच होतं. पाणी बंद असलं तरी घरी बसून उपग्रहचित्रं, तळाचे नकाशे, जुन्या स्पर्धांची चित्रणं पाहता येतात. आणि पाण्यावर उतरल्यावर समोर पाहणाऱ्या सोनारमुळे तर बोटीपुढचा मासा पडद्यावर हलताना दिसतो. त्याच्या वापरावर मर्यादा घालायची वेळ संयोजकांवर आली.

पाणी बंद करून ज्ञान अडत नाही, म्हणून पुढची बंदी आली ती माहितीवर. व्यावसायिक स्पर्धांत आता स्थानिक वाटाड्याला पैसे देऊन जागा विचारायच्या नाहीत, एवढंच नव्हे तर त्याने आपणहून सांगितलेलंही घ्यायचं नाही, असे नियम आहेत. पैशाने जागा विकत घेणं वाईट, यात वाद नाही. पण पेट्रोल भरताना दुकानदाराने सहज काही सांगितलं तर? मेव्हण्याचा फोन आला तर? जो प्रामाणिक आहे तो कान झाकतो, फोन ठेवतो, क्वचित स्वतःच संयोजकांना कळवतो. जो नाही, त्याचं काहीच बिघडत नाही. नियमाचा सगळा भार तो पाळणाऱ्यावर पडतो. एरी सरोवरावर २०२२ मध्ये वॉलआय माशाच्या स्पर्धेत दोघं पकडले गेले, कारण माशांची पोटं चिरल्यावर आत शिशाचे गोळे निघाले. ऐकलेल्या माहितीचा असा गोळा कुठल्या पोटातून काढणार?

उत्तर म्हणून स्पर्धांमध्ये पॉलिग्राफ आहे. विजेत्याने गरज पडल्यास खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसावं, अशी अट कित्येक ठिकाणी प्रवेशअर्जातच असते. मला हे अतिशय खटकतं. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकराची अशी चाचणी घेण्यास मनाई केली. हे यंत्र विश्वासार्ह आहे यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात आरोपीवरही ती सक्तीने करता येणार नाही असा निर्णय दिला. जे कारखान्यातल्या कामगारावर चालत नाही, आरोपीवर चालत नाही, ते पाच मासे पकडणाऱ्यावर चालतं, कारण त्याने सही केलेली असते. ज्या नियमाची तपासणी फक्त अशा यंत्राने होऊ शकते, तो नियमच बदलायला हवा.

माझ्या मते माहिती अडवण्याऐवजी ती सगळ्यांपुढे उघडी करावी. मागच्या स्पर्धांतल्या विजेत्या जागा, तळाचे चांगले नकाशे, धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक, पाण्याचं तापमान, हे संयोजकांनी प्रत्येक स्पर्धकाला सारखं द्यावं. स्थानिक जाणकाराला बोलवायचं तर त्याने सर्वांसमोर बोलावं. विकत मिळणारी माहिती फुकट आणि सार्वजनिक झाली की तिचा बाजार बराचसा बसतो. यावर आक्षेप येईल की मग शोधण्याचं कौशल्य मरतं. ते मरत नाही. नकाशावरच्या शंभर जागांपैकी आज सकाळी कुठल्या तीन जिवंत आहेत, हे सरावाच्या दोन दिवसांत ज्याचं त्यालाच ओळखावं लागतं. काही जण खासगी जागा तरीही विकत घेतील, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यासाठी बाकीच्यांना यंत्रापुढे बसवू नये.

गावपातळीवरच्या छोट्या स्पर्धांत तर लांबलचक बंदी मला सरळ अन्याय वाटते. तिथला स्पर्धक सहा दिवस सुतारकाम करतो आणि रविवारी आपल्याच जलाशयावर जातो, किंवा पाहुण्यांना मासेमारीला नेऊन पोट भरतो. त्याला तीन आठवडे पाणी बंद म्हणजे एकाचा विरंगुळा गेला, दुसऱ्याची मजुरी बुडाली. स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस सगळ्यांना बंद ठेवावेत, माशांनाही तेवढी उसंत मिळेल. त्यापलीकडे त्याला त्याच्या पाण्यावरून हाकलू नये. यामुळे त्याला बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त फायदा होईल. तो फायदा त्याने तिथे राहून, तिथली थंडी-वारा सोसून मिळवलेला आहे, आणि तो काढून घेण्याचा अधिकार संयोजकांना आहे असं मला वाटत नाही.