नरो वा चोखणी वा

तत्त्वज्ञान सुचायला काही तरी बरी जागा लागते, असं मी आयुष्यभर समजत आलो. नदीकाठ, वडाचं झाड, गेला बाजार आरामखुर्ची तरी. मला ते सुचलं अमरावतीत, मे महिन्यात, रात्री अडीच वाजता, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना. आणि ज्या गुरूंनी ते सुचवलं त्यांचं वय पाच आठवडे होतं. गुरू रडत होते.

आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सासर अकोल्याचं. अमरावती-अकोला हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण बाळंतिणीच्या खोलीत ते फार वाढतं. अकोलेकरांच्या मते अमरावतीला ऊन नसतंच, नुसती ऊब असते. आता ज्यांना आमचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन ऊबदार वाटतं, त्यांच्याशी बाळाला टोपडं घालावं की नाही यावर काय वाद घालणार? बारशाला विहीणबाई आल्या त्या चांदीचे वाळे, चार दुपटी आणि एक चोखणी घेऊन. चोखणी गुलाबी रंगाची, मागे घुंगरू, आणि गळ्यात अडकवायला गोफासारखी लांब दोरी. घुंगरू वाजलं की सगळे "अय्या" म्हणाले. मुलगी काही म्हणाली नाही. विहीणबाईंची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "बाबा, तान्ह्या पोराच्या गळ्यात दोरी? फास बसला म्हणजे? आणि ते घुंगरू सुटलं तर थेट घशात."

महिनाभराने, दूध पाजणं नीट बसल्यावर, रात्रीचं रडणं वाढलं तेव्हा नवी चोखणी आणण्याची कामगिरी माझ्यावर आली. राजकमल चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी वाचत उभा राहिलो. चोखणी एकसंध असावी, जोड नसावा. तोंडाबाहेरची चकती बाळाच्या तोंडापेक्षा चांगली रुंद असावी, म्हणजे आत जायची नाही. आणि तिला भोकं असावीत, म्हणजे श्वास कोंडायचा नाही. वयाप्रमाणे माप बघावं. रबराची मऊ असते पण लवकर चिकट होते आणि चिरते. सिलिकॉनची उकळायला बरी. चिरली की टाकून द्यावी. मधात बुडवू नये, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मध म्हणजे विषबाधेला आमंत्रण; साखरेत तर नाहीच नाही. दुधाच्या वेळेला दुधाच्या जागी कधीही देऊ नये. मी लग्न ठरवताना एवढ्या अटी पाहिल्या नव्हत्या. दुकानदाराने तिन्ही प्रकार काउंटरवर मांडले आणि "साहेब, घेणार कोण आहे?" असं विचारलं. बहुधा माझ्या चेहऱ्याकडे पाहून.

घरी येऊन वेष्टन वाचलं आणि माझी झोप उडाली. इंग्रज या वस्तूला 'डमी' म्हणतो. डमी म्हणजे खोटी, बनावट. निवडणुकीतल्या डमी उमेदवारातली. अमेरिकन तिलाच 'पॅसिफायर' म्हणतो, म्हणजे शांतिदूत. वस्तू एकच, पण एक देश तिला तोतया म्हणतो आणि दुसरा नोबेल पारितोषिकाच्या रांगेत उभी करतो. मराठी माणूस आपला 'चोखणी' म्हणून मोकळा होतो. काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

वस्तू काही नवी नाही. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०६ साली काढलेल्या चित्रात बाळ येशूच्या हातात चिंधीची गाठ आहे. तिकडे अशा चिंधीत गोडधोड बांधून पोरांना चोखायला देत. आपल्याकडे यापेक्षा भारी माल होता. अफू. माझी आजी कापूस वेचायला जाताना माझ्या वडिलांना मोहरीएवढी चाटवून लिंबाला बांधलेल्या झोळीत ठेवायची, असं ती स्वतःच सांगायची, आणि पुढे कौतुकाने म्हणायची, "लय गुणाचं लेकरू, दिवसभर आवाज नाही." तिकडे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया याच अफूची 'बाळगोळी' देत. आजी वाईट नव्हती. तिला संध्याकाळपर्यंत कापूस वेचायचा होता. पण गुण कोणाचा, लेकराचा की अफूचा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला तो अडीच वाजता.

प्रश्न असा: भुकेल्या तोंडाला दूध येईलशी आशा दाखवून कोरडं सिलिकॉन देणं, हे खोटं बोलणं आहे की नाही? माणसाशी जगाने केलेला पहिला व्यवहारच फसवणुकीचा असावा का?

मला आठवला अश्वत्थामा. कीर्तनकार सांगतात की आईने त्याला पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून दिलं. महाभारताच्या आदिपर्वात ते काम आईचं नाही, श्रीमंतांच्या पोरांचं आहे. त्यांनी पिठाचं पाणी पाजलं, आणि हा "मी दूध प्यालो, दूध प्यालो" म्हणून नाचला. ते पाहून द्रोणाच्या काळजाला घर पडलं, तो जुन्या दोस्तीच्या भरवशावर द्रुपदाकडे गेला, तिथे अपमान झाला, आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पुन्हा शेवटी द्रोणाला मारलं तेही याच पोराच्या नावाने अर्धं खोटं बोलून. एका वाटीभर खोट्या दुधाचं बिल केवढं आलं बघा!

हे सगळं मी सौभाग्यवतींना त्याच रात्री, त्याच वेळी ऐकवलं. त्या म्हणाल्या, "अश्वत्थाम्याला दूध मिळत नव्हतं. याचं पोट भरलंय, आत्ताच ढेकर दिलीय. याला दूध नकोच आहे, नुसतं चोखायचंय. आईच्या पोटात हे पोरं अंगठा चोखतात, तेव्हा कोण फसवत असतं त्यांना? तुम्ही जेवण झाल्यावर सुपारी चघळता, त्यात कोणतं जीवनसत्त्व असतं?"

यावर युधिष्ठिराकडेही उत्तर नसतं.

वैद्यकाला साक्षीला बोलवावं, तर ते दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेऊन येतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या, त्यातली नववी पायरी अशी की अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नका. २०१८ साली तीच पायरी मऊ झाली: चोखणीचे धोके आईला समजावून सांगा. मधल्या काळात, २००५ साली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की दूध पाजणं नीट बसल्यावर झोपवताना चोखणी द्या, झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्याने कमी होतो. आमचे जावईबापू हे सगळं अकोल्याहून फोनवर वाचून दाखवत होते. वाचून झाल्यावर झोपले. अकोल्याला शांतता होती.

अखेर तिसऱ्या रात्री निर्णय मी घेतला. मुलगी दोन रात्रींची जागी. तिला म्हटलं, तू झोप, मी बघतो. गुरू पावणेदोनला सुरू झाले. मी चोखणी तोंडात दिली. थुंकली. परत दिली. परत थुंकली. तिसऱ्यांदा बोटाने हलकेच धरून ठेवली. दोन हुंदके, मग चुकचुक, मग अधूनमधून एखादा उसासा. शांतता! पाळण्याशेजारी बसून मला वाटलं, शांतिदूत म्हणणारे अमेरिकन बरोबर आहेत. सकाळी चहाच्या वेळी मी हा पराक्रम दोनदा सांगितला.

नऊ वाजता मालिश करणारी मावशी आली. तिने बाळाला पायावर घेतलं, दुपटं सोडलं आणि तिचा हात थांबला. उजव्या पायाची करंगळी लालजांभळी, टम्म फुगलेली. तिने डोळ्यांजवळ पाय नेला, नखाने काहीतरी उकललं, आणि बोटभर लांब केस ओढून काढला. पोरीचाच. बाळंतपणानंतर केस गळतात, दुपट्यात अडकतात. त्यातलाच एक करंगळीला वेढे देऊन आवळत गेला होता.

"रात्री रडलं असन ना?" मावशी म्हणाली.

"रडला. पण मग शांत झाला."

"शांत झालं का तुमी केलं, काकाजी?" आणि माझ्या हातातल्या चोखणीकडे बघून, "पोट्टं काहून रडून राह्यलं, थे त पाहा लागते ना पहिले."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं, केस पूर्ण निघालाय म्हणाले, रंग परत येतोय म्हणाले, आणि वेळेवर लक्षात आलं हे बरं झालं म्हणाले. वेळेवर आलं नसतं तर काय, हे मी विचारलं नाही. मुलगी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं.

त्या दुपारी मला झोप येईना आणि आठवलं ते भलतंच. मी एका सरकारी कचेरीत तीस वर्षं काढली, त्यातली अकरा तक्रार अर्जांच्या टेबलावर. "आपला अर्ज प्राप्त झाला असून त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे" हा मसुदा माझा. साहेबांना इतका आवडला की त्याच्या शेकड्याने प्रती काढून ठेवल्या. दर्यापूरकडचा एक म्हातारा दर सोमवारी यायचा. आमच्या त्या खारपाणपट्ट्यात बोअर मारली तरी पाणी खारटच लागतं. त्याच्या वस्तीला गोडं पाणी कधी येणार एवढंच त्याचं विचारणं. आवाज मोठा, अगदी पाच आठवड्यांचा. एका सोमवारी मी त्याला ती प्रत दिली, वर गोल शिक्का मारून. त्याने दोन्ही हातांनी घेतली, घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला. परत आला नाही. रजिस्टरात त्याच्यापुढे मी 'निकाली' लिहिलं. पाणी आलं का, हे मला आजही माहीत नाही.

आता चोखणी बंद झाली असं समजू नका. मुलीनेच ती दुसऱ्या दिवशी उकळून वाटीत ठेवली. फक्त रात्री रडणं सुरू झालं की दिवा लावायचा, दुपटं पूर्ण सोडायचं, हातापायाची वीसही बोटं मोजायची, लंगोट बघायचं, भूक बघायची आणि मग काही सापडलं नाही तर चोखणी. या तपासणीला पाचसात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गुरू सप्तकात असतात. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. नुसतं रडायचं असतं. तेव्हा मी चोखणी देतो, आणि देताना अजूनही थोडा चोरट्यासारखा होतो. एखाद्या रात्री गुरू ती थुंकून माझ्याकडे बघतात, आणि मला दर्यापूरची बस आठवते.

परवा विहीणबाईंचा अकोल्याहून फोन आला. करंगळीची चौकशी झाली, उन्हाची झाली. मग म्हणाल्या, "आमची ती घुंगरूवाली चोखणी, घेतो ना हो तो?"

मी म्हणालो, "अहो, ती पाळण्यापाशीच असते."

पाळण्यापासून चार हातांवर, कपाटाच्या वर, असं मी म्हणालो. पण तेवढ्यात मला खोकला आला.