होडीचा वाटा

घिवलीत एक तांडेल राहत होता. त्याची होडी जुनी होती, पण दमाची होती. होडी परतली की मासळी विकली जाई, डिझेल-बर्फाचा खर्च वजा होई आणि उरलेल्या पैशांचे वाटे पडत. खलाशांचे वाटे, तांडेलाचा वाटा आणि एक होडीचा. एकदा नव्या खलाशाने विचारले, “लाकडाला कशाला वाटा?”

“ती फुटली तर तुझा वाटा कोण देईल?” तांडेल म्हणाला. खलाशी गप्प झाला.

तांडेलाच्या घरात मात्र असा हिशेब नव्हता. त्याची बायको पहाटे उठून बोंबील वाळत घाली, टोपली घेऊन बोईसरचा बाजार गाठी आणि रात्री सगळ्यांना वाढी. पातेल्यात उरेल ते तिचे. कधी मासा उरे, कधी नुसते कालवण.

एका हिवाळ्यात तिच्या छातीत दाटून येऊ लागले. डोक्यावर टोपली घेऊन चालले की मधोमध दडपण येई आणि ते जबड्यापर्यंत चढे. ती कुठेतरी टेके, पाण्यात सोडा घालून पिई. थोड्या वेळाने बरे वाटे.

“पित्त आहे,” ती म्हणे. “काळीज डावीकडे असतं. माझं दुखणं मधे आहे.”

नर्सिंग शिकणारी नात सुट्टीला आली, तेव्हा आजी दाढा कापत होती. कल्ले ओढताना त्यांच्याबरोबर एक लहानशी लाल गाठ बाहेर आली.

“आजी, हे माशाचं काळीज ना?”

“मग काय! कल्ल्यांच्या मागं, गळ्याशी असतं.”

“यात दोनच कप्पे. आपल्यात चार. बरं, आपलं कुठं असतं?”

आजीने डाव्या छातीवर हात ठेवला. नातीने तो उचलून छातीच्या मधल्या हाडावर आणला. “इथं. या हाडामागं, दोन फुप्फुसांच्या मधे. त्याचं टोक तेवढं डावीकडे कललेलं असतं. ठोका तिथं लागतो, म्हणून सगळे तिकडेच हात नेतात. आजी, उद्या डॉक्टरकडे जायचं.”

बोईसरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, सगळे विचारून घेतले. सोड्याचे ऐकून ते हसले. “मावशी, बरं सोड्यानं नाही वाटलं. तो पिताना तुम्ही बसलात, त्यानं वाटलं.”

टेबलावर मुठीएवढे प्लॅस्टरचे हृदय होते. डॉक्टरांनी ते उघडून दाखवले. उजवीकडचे दोन कप्पे अंगातून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतात; डावीकडचे दोन तिथून आलेले ताजे रक्त साऱ्या अंगाला पोचवतात. डावा खालचा कप्पा सगळ्यांत जाड, कारण त्याला रक्त लांबवर ढकलायचे असते. मिनिटाला साधारण ५ लिटर, दिवसाला सुमारे १ लाख ठोके.

“एवढं रक्त त्याच्या पोटातून जातं,” आजी म्हणाली, “मग त्यालाच कमी कसं पडेल?”

“ते रक्त दुसऱ्यांचं, मावशी. नुसतं आतून जातं. त्याचं स्वतःचं या दोन नळ्यांतून येतं.” मोठ्या धमनीच्या अगदी मुळाशी फुटलेल्या दोन बारीक फांद्यांवर त्यांनी बोट ठेवले. “पहिला वाटा इथं निघतो. विसाव्यातला माणूस धरला, तर विसातला एक भाग. तुमची यातली एखादी नळी अरुंद झाली असणार. मोठ्या इस्पितळात तपासून घेऊ.”

तांडेल पुढे सरकला. “होडीचा वाटा,” तो पुटपुटला.

“आणि डाव्या कप्प्याला हा वाटा जास्त करून कधी मिळतो?” डॉक्टर म्हणाले. “हृदय आवळलेलं असताना नाही; सैल पडतं तेव्हा. घाईघाईनं धडधडायला लागलं की त्याचा विसावाच आधी आखडतो. म्हणून ठोके सावकाश करणारी गोळी देतो.”

परतीच्या वाटेवर तांडेल फारसा बोलला नाही. त्याची होडी दरवर्षी १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर ओढलेली असे. त्याच दिवसांत तिच्या फळ्या बदलत, फटी बुजत, रंग लागे. भर समुद्रात कोणी तिला खिळा ठोकायला गेले नव्हते.

तपासणीत एक नळी अरुंद निघाली. गोळ्या वाढल्या, टोपली सुनेच्या डोक्यावर गेली.

जिच्या हातून सगळ्यांना मिळते, तिला तर मिळालेच असेल, असे घरच्यांना वाटत राहते. तांडेलालाही तीस-पस्तीस वर्षे तसेच वाटले होते, आणि तो वाईट माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्या आधी तिचे ताट वाढायला लावले आणि दुपारी दोन तास आडवे व्हायचे, असे फर्मावले.

“दोन तास? अर्धा,” ती म्हणाली.

“होडीला दोन महिने मिळतात.”

“होडीला सुना-नातवंडं नाहीत. पाऊण.”

बाजारात तिच्याशी घासाघीस करून आजवर कोणी जिंकले नव्हते. तांडेलाने दीड तास सांगितला, ती पाऊण तासावर अडून राहिली. शेवटी सून मधे पडली आणि सौदा एका तासावर ठरला.