शक्ती की प्रतिबंधक: डिशवॉशरची घरगुती दुरुस्ती आणि न्यायदर्शनातील एक वाद

घरातील यंत्र चालता चालता बंद पडले की त्याविषयी सहसा दोन तऱ्हांनी बोलले जाते: ‘यंत्रात आता दम राहिला नाही’ असे कोणी म्हणतो, तर ‘कुठेतरी काहीतरी अडकले असावे’ असे दुसरा कोणी म्हणतो. दोन्ही वाक्ये सहज बोलण्यातली असली तरी त्यांच्यामागे कार्यकारणभावाविषयीच्या दोन वेगळ्या भूमिका आहेत, आणि मीमांसादर्शनाचे अनुयायी मीमांसक व न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक यांनी शतकानुशतके ज्या प्रश्नावर वाद घातला तो नेमका हाच आहे: कारणाच्या ठिकाणी ‘शक्ती’ नावाचे काही निराळे तत्त्व असते, की कारणे जमली आणि आड येणारे काही नसले म्हणजे कार्य घडते? डिशवॉशर, म्हणजे भांडी धुण्याचे यंत्र, घरच्या घरी तपासून दुरुस्त करण्याचा व्यवहार या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे, कारण तेथे कोणती भूमिका धरून चालले यावर यंत्र पुन्हा सुरू होणार की भंगारात जाणार हे पुष्कळदा ठरते.

या वादातील मूळ उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी जाळतो, परंतु चंद्रकांत मणी जवळ ठेवला असता तोच अग्नी जाळत नाही, अशी जुनी समजूत होती आणि दोन्ही पक्षांनी ती गृहीत धरली. मीमांसकांचे म्हणणे असे की, अग्नी तोच आहे, इंधनाशी त्याचा संयोगही तोच आहे, आणि तरीही दाह होत नाही, त्या अर्थी अग्नीत दाहाला अनुकूल अशी एक अतींद्रिय, म्हणजे इंद्रियांना न दिसणारी, शक्ती मानली पाहिजे. मणी तिचा नाश करतो आणि मणी दूर केला की ती पुन्हा उत्पन्न होते. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याचे खंडन करताना असे प्रतिपादन केले की, भावरूप वस्तू जशी कारण होते तसा अभावही कारण होतो, म्हणून दाहाच्या कारणांत ‘प्रतिबंधकाभाव’, म्हणजे कार्याच्या आड येणाऱ्या गोष्टीचे नसणे, हेही एक कारण धरले की शक्ती कल्पण्याची गरज उरत नाही. विश्वनाथ पंचाननांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त हाच पक्ष लाघवाच्या, म्हणजे कमीत कमी कल्पनांवर भागवण्याच्या, तत्त्वाने दृढ केलेला आहे: मणी जितक्या वेळा आणावा आणि न्यावा तितक्या वेळा शक्तीचा नाश व उत्पत्ती मानत बसण्यापेक्षा मण्याचा अभाव कारण मानणे सोपे. नैयायिकांचा पक्ष बलवान वाटतो तो केवळ लाघवामुळे नव्हे. शक्ती गेली असे म्हटल्यावर पुढे शोधण्यासारखे फारसे काही राहत नाही. प्रतिबंधक आहे असे म्हटल्यावर तो कोठे आहे हा प्रश्न लगेच उभा राहतो.

डिशवॉशरची रचनाच अशी आहे की तेथे प्रतिबंधकाला पदोपदी जागा मिळते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जे मांडले, त्यात भांडी घासण्याऐवजी त्यांच्यावर पाण्याचा जोरदार मारा करण्याची कल्पना होती, आणि आजची यंत्रेही तिच्यावरच चालतात. झडप उघडून पाणी आत येते, हीटर ते तापवतो, पंप ते तळाच्या खोलगट भागातून उचलून फिरत्या फवारा-दांड्यांत ढकलतो, दांड्यांच्या बारीक भोकांतून ते भांड्यांवर आदळते, जाळीतून गाळले जाऊन परत पंपाकडे येते, आणि अखेरीस ड्रेन पंप ते सांडपाण्याच्या नळीत फेकतो. हे सर्व घटक मिळून नैयायिक ज्याला कारणसामग्री म्हणतात, म्हणजे जिच्यातील एकही कारण कमी असता कार्य होत नाही असा कारणांचा समुदाय, ती बनते. आणि पाण्याचा मार्ग मोकळा असणे हे त्या सामग्रीतील अभावरूप कारण आहे.

धुलाई संपल्यावर तळाशी पाणी साचून राहणे ही नेहमीची तक्रार घेऊ. कार्यावरून कारण ओळखण्याला न्यायसूत्रांत ‘शेषवत्’ अनुमान म्हटले आहे, आणि नदीला आलेला पूर पाहून वर पाऊस झाला असे ओळखणे हे त्या सूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी दिलेले त्याचे उदाहरण आहे. परंतु त्यांनी याच संज्ञेचा दुसरा अर्थही सांगितला आहे, तो ‘परिशेष’, म्हणजे संभाव्य गोष्टी एकेक करून बाद करत जी उरेल ती स्वीकारणे, आणि दुरुस्तीत खरा उपयोगी पडतो तो हाच अर्थ. प्लग काढून आणि नळ बंद करून साचलेले पाणी टिपून घ्यावे व प्रथम जाळी काढून पाहावी, कारण भाताची शिते, कोथिंबिरीची पाने आणि डब्यांवरून सुटलेली कागदी लेबले तेथेच चिकटतात. जाळी स्वच्छ असेल तर यंत्रामागची नळी भिंतीशी दाबून मुडपली आहे का हे पाहावे. तीही मोकळी असेल तर ड्रेन पंपाकडे वळावे: पुष्कळ मॉडेलांत जाळीखालचे छोटे झाकण काढले की त्याचा पंखा दिसतो, आणि फुटलेल्या ग्लासचा तुकडा किंवा लिंबाची बी तेथे अडकलेली सापडते. काच असू शकते म्हणून तेथे उघडे बोट घालू नये, लाकडी चमच्याच्या दांड्याने पंखा फिरवून पाहावा. तो झटके देत, अडखळत फिरतो, आणि एवढ्यावरून पंप बिघडला असे अनेकांना वाटते. वस्तुतः अशा पंपाच्या मोटरीत बहुधा कायमचा चुंबक असतो आणि हाताला जाणवते ती त्याची ओढ होय. पंखा मुळीच हलत नसेल तर तेथे दोष समजावा.

नैयायिकांच्या विवेचनातील सर्वांत सूक्ष्म भाग यापुढचा आहे. चंद्रकांताजवळ सूर्यकांत मणी आणून ठेवला तर चंद्रकांत जागचा न हलताही अग्नी पुन्हा जाळू लागतो, असे मानले जाई, आणि अशा सूर्यकांताला ‘उत्तेजक’ म्हणत. प्रतिबंधक समोर असूनही कार्य घडले, तर प्रतिबंधकाचा अभाव कारण कसा? यावर उत्तर असे दिले गेले की, प्रतिबंधक म्हणजे नुसता मणी नव्हे, तर उत्तेजक जवळ नसलेला मणी, आणि अशा विशिष्ट मण्याचा अभाव हेच कारण होय. हा शाब्दिक काथ्याकूट वाटण्याचा संभव आहे, पण बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या डिशवॉशरपुढे त्याची गरज तत्काळ पटते. असे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, आणि ते तापले की पांढरा थर काचेवर, हीटरवर व फवाऱ्याच्या भोकांवर बसतो. म्हणून बोअरचे पाणी या यंत्राला चालतच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे, कारण बहुतेक यंत्रांच्या तळाशी रेझिनच्या दाण्यांचा एक कप्पा असतो, ते दाणे पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवून त्याऐवजी सोडियम सोडतात, आणि शेजारी भरलेले जाड, शुद्ध मीठ त्या दाण्यांना पुन्हा कामाजोगे करते. मीठ येथे उत्तेजक आहे. प्रतिबंधक आहे ते मिठावाचूनचे दुष्फेन पाणी.

या भेदाचा व्यवहारातील कस धुरकट झालेल्या ग्लासवर लागतो. असा ग्लास व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवल्यावर स्वच्छ झाला तर तो क्षारांचा थर होता, आणि मीठ भरणे व पाण्याच्या कठीणपणानुसार यंत्राचे सेटिंग बदलणे हा त्यावर उपाय आहे. व्हिनेगरने काहीच फरक पडला नाही तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे, आणि ही झीज अतिमृदू पाणी, जास्त पावडर व जास्त तापमान यांनी होते; तेथे मिठाची मात्रा वाढवली तर अपाय होईल. कार्य दिसायला एकच, कारणे मात्र उलट, आणि निवाडा करणारे साधन अन्वयव्यतिरेकाचे, म्हणजे ‘हे असता ते असते, हे नसता ते नसते’ असे पडताळून पाहण्याचे. त्याच दिवशी उघडलेले पावडरचे नवे पाकीट याच कसोटीला उतरले नाही तर ते नैयायिकांच्या भाषेत ‘अन्यथासिद्ध’ ठरते, म्हणजे कुंभाराच्या गाढवाप्रमाणे कार्याआधी हजर असूनही कारण नसलेले.

प्रत्येक प्रतिबंधक दूर करावा असे यावरून समजता कामा नये. दार उघडताच यंत्र थांबवणारा स्विच आणि तळाच्या ताटलीत गळतीचे पाणी आले की भरणे बंद करणारा तरंगा हे हेतुपुरस्सर ठेवलेले प्रतिबंधक आहेत, आणि ते बाजूला सारून यंत्र चालवणे म्हणजे २३० व्होल्ट आणि पाणी यांना एकत्र आणणे होय. तेथे गळती शोधावी, तरंगा बांधून ठेवू नये. तसेच काही बिघाडांत अडथळा नसतोच. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर चांगला असेल तर, प्लग काढून व त्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला असता, तो सुमारे २६ ओहम रोध दाखवतो. रोध अनंत आला तर आतली तार तुटली आहे. तेथेही गेली ती शक्ती नव्हे, तर कारणसामग्रीतील एक दाखवता येणारा घटक गेला, आणि नैयायिकांच्या मते ध्वंसाला, म्हणजे नाशरूप अभावाला, आरंभ असतो पण अंत नसतो, त्यामुळे तो हीटर बदलावाच लागतो. वीजजोडणीचा अनुभव नसणाऱ्याने हे काम जाणत्या माणसाकडे द्यावे.

भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या संज्ञा महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या हाताशी आहेत, उदाहरणे मात्र अजून घट, पट आणि मणी यांचीच दिली जातात. चंद्रकांत मणी कोणा विद्यार्थ्याला दाखवता येत नाही. फवारा-दांड्याच्या भोकात बसलेला मोहरीचा दाणा दाखवता येतो, टाचणीने काढता येतो, पुन्हा बसवून कार्य अडलेले पाहता येते. न्यायशास्त्र शिकवणाऱ्यांनी प्रतिबंधकाभावाच्या पाठाला हे उदाहरण घ्यावे.