क्रेवन कोणासाठी वळला?

पीटर क्रेवन हा स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीचा दोन वेळचा जगज्जेता. जन्म 1934 चा, लिव्हरपूलचा. नाव झालं ते मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाकडून धावताना. चणीने लहान, पण गाडीवरचा तोल असा की लोक त्याला तोलाचा जादूगार म्हणत. 1954 ते 1963 या दहा वर्षांतली सगळी जगज्जेतेपदं चौघांनी आपसात वाटून घेतली : न्यूझीलंडचे रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज, स्वीडनचा ओव्हे फुंडिन आणि हा क्रेवन. चौघांत इंग्रज एकटा तोच. 1955 आणि 1962 ही वर्षं त्याची.

20 सप्टेंबर 1963 रोजी एडिनबराच्या ओल्ड मेडोबँक मैदानावर शर्यतीत त्याच्यापुढे धावणारा जॉर्ज हंटर पडला. क्रेवनने त्याला चुकवलं आणि स्वतः कठड्यावर आदळला. चार दिवसांनी वारला, वयाच्या 29 व्या वर्षी.

मी याला त्याग मानते. माझे मामा मानत नाहीत. मामांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, त्यामुळे या विषयावर बोलायचा त्यांचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. आमचं बोलणं झालं तसं मांडते आहे. त्यांची वाक्यं मऊ केलेली नाहीत.

मामा : आधी गाडी सांग. गाडी कळल्याशिवाय माणसाबद्दल बोलता येत नाही.

मी : 500 सीसीची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. ब्रेक नाहीत, पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत. चौघं धावतात, लंबगोल मैदानाच्या चार फेऱ्या, कायम डावीकडे वळत. मिनिटभरात सगळं संपतं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही.

मामा : ब्रेक नाहीत तर वळतात कसे?

मी : घसरत. डाव्या पायात पोलादी तळ लावलेला बूट असतो, तो जमिनीवर टेकवायचा आणि मागचं चाक मुद्दाम घसरवायचं. अ‍ॅक्सिलरेटर उघडा आहे तोवर चाक घसरत राहतं आणि गाडी वळत राहते. वळणात तो एकदम सोडला, तर चाक जमीन पकडतं आणि गाडी सरळ होते.

मामा : सरळ म्हणजे कठड्याकडे.

मी : हो. नाहीतर गाडी आडवी टाकून स्वतः पडायचं.

मामा : म्हणजे पुढचा पडल्यावर रस्ते तीनच. त्याच्यावरून जा, स्वतः पड, नाहीतर बाहेर जा. यातला एक क्रेवनने निवडला म्हणतेस. किती वेळात?

मी : अर्ध्या सेकंदात. कदाचित तेवढाही मिळाला नसेल.

मामा : मग निवडला म्हणू नकोस. एवढ्या वेळात माणूस निवडत नाही, हात निवडतात.

मी : पण हात त्याचेच ना? माणूस अर्ध्या सेकंदात जे करतो, ते त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांतून आलेलं असतं.

मामा : बघ, आम्हाला शिकवलं होतं की कुत्रं आडवं आलं तर गाडी वळवायची नाही. ब्रेक दाबायचा आणि सरळ राहायचं. मागे पन्नास माणसं बसलेली असतात, कुत्र्यासाठी त्यांना खड्ड्यात घालायचं नाही. आणि तरी हात वळायचेच. ते न वळवायला शिकण्यात वर्षं गेली माझी. वळणं अंगातच असतं गं. न वळणं शिकावं लागतं. तू जे त्याचं मोठेपण म्हणतेस, ते कोणत्याही नवशिक्या ड्रायव्हरकडे असतं.

मी : क्रेवनचं सगळं शिक्षणही न वळण्याचंच होतं, मामा. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, धरलेली रेषा सोडायची नाही, मागेपुढे काय चाललंय त्याने बिचकायचं नाही. त्याशिवाय दोनदा जगज्जेता होता येत नाही. एवढं शिकलेला माणूस त्या क्षणी ते शिक्षण बाजूला ठेवतो, याला काहीच किंमत नाही?

मामा : ठेवतो, पण कोणासाठी ठेवतो? पडलेल्या माणसावर नाहीतर त्याच्या गाडीवर आदळला असता तर तोही उडालाच असता. तो हंटरला वाचवायला वळला की स्वतःला? दोन्हीसाठी हँडल एकाच बाजूला वळतं.

या वाक्यापाशी मी अडकले. इतर सगळ्या आक्षेपांना काहीतरी म्हणता येत होतं. इथे मात्र पुराव्याची वाटच बंद होती, कारण बाहेरून दिसणारी हालचाल एकच आणि आतलं सांगायला तो माणूस उरला नाही. मी दुसऱ्या अपघाताकडे वळले.

मी : लंडनच्या न्यू क्रॉसवर ऑगस्ट 1936 मध्ये असंच झालं होतं. पहिली जागतिक अंतिम फेरी वेम्बलीवर थोड्याच दिवसांत होणार होती आणि टॉम फार्नडन तिच्यासाठी पात्र ठरला होता. एका शर्यतीत त्याच्यापुढचा रॉन जॉन्सन पडला. फार्नडनला चुकवता आलं नाही, तो धडकला आणि दोन दिवसांनी गेला. जॉन्सन वाचला.

मामा : मग तू माझंच काम केलंस. फार्नडन आदळला आणि तरी पुढचा वाचला. म्हणजे क्रेवन वळला नसता तर हंटर मेलाच असता, असंही छातीठोक म्हणता येत नाही. आणि न वळलेला फार्नडनही गेलाच, म्हणजे वळण्यात स्वतःचा जीव वाचवण्याचा हिशेब असणारच. दोन माणसं एकाच तऱ्हेच्या अपघातात गेली. एकाच्या वेळी तू अपघात म्हणतेस, दुसऱ्याच्या वेळी त्याग म्हणतेस.

मी : बरं, मनात काय होतं ते सोडून देऊ. मला एवढंच सांगा, ब्रेक नसलेल्या चार गाड्या खांद्याला खांदा लावून पहिल्या वळणात शिरतात, ते कशाच्या जोरावर? प्रत्येकाने एक धरलेलं असतं की मी पडलो तर मागचा मला चुकवील, निदान जिवाच्या आकांताने प्रयत्न करील. हा भरवसा नसेल तर शर्यत सुरूच होणार नाही. हंटरचा हा भरवसा क्रेवनवर होता आणि क्रेवनने तो राखला. स्वतःच्या जिवासाठी वळला असला तरी राखला.

मामा : हे पटलं. रस्त्यावरही असंच चालतं, नाहीतर कोणी घाटात गाडी घालणार नाही. पण मग त्याने देणं फेडलं म्हण. जे देणं लागत होता ते दिलं.

मी : जीव देऊन?

मामा : किंमत जास्त पडली म्हणून देण्याचं दान होत नाही.

मी : मग दान तुम्ही कशाला म्हणाल?

मामा : मागे फिरायची सोय असताना, विचार करून जो देतो त्याला.

मी : म्हणजे ज्याच्याकडे विचाराला वेळ आहे त्यालाच मोठेपण? ज्यांचं काम असं आहे की त्यात अर्धाच सेकंद मिळतो, तुमच्यासारखे ड्रायव्हर, खाणीतले लोक, आग विझवणारे, हे रायडर, यांच्या वाट्याला फक्त सवय? त्यांच्या चांगुलपणाला तुम्ही कुठे जागा ठेवलीत, मामा?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि विषय सोडून भलतीकडेच गेले.

मामा : तो कठडा कशाचा होता?

मी : हवेचा नव्हता, एवढं नक्की. आज मोठ्या मैदानांवर वळणांना हवा भरलेले कठडे असतात, रायडर आदळला तर ते आत दबतात. क्रेवन गेल्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ ते आले नव्हते.

मामा : आणि लोक कठड्यावर आदळतात हे त्याआधी ठाऊक नव्हतं?

मी : होतं. ब्रिटनमध्ये हा खेळ 1928 मध्ये रुजला. तेव्हापासूनच ठाऊक होतं.

मामा : आणि आता आदळून कोणी मरत नाही?

मी : मरतात. 2012 च्या मे महिन्यात इंग्लंडचा ली रिचर्डसन पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात लीगच्या सामन्यात कठड्यावर आदळून गेला. 33 वर्षांचा होता.

मामा : एडिनबराच्या त्या सामन्यात पणाला काय होतं?

मी : लीगचं काही नाही. बेल व्ह्यू नॅशनल लीगमध्ये होता, एडिनबराचा संघ प्रोव्हिन्शियल लीगमध्ये. पण रायडरला धावण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक गुणामागे वेगळे मिळतात. त्यामुळे हळू कोणीच चालवत नाही.

मामा : मग तुझा प्रश्नच चुकलाय. तू विचारतेस की क्रेवन त्या अर्ध्या सेकंदात कसा वागला. ज्यांच्याकडे पस्तीस वर्षं होती ते कसे वागले, हे विचार. मैदानाच्या मालकांकडे, सामने भरवणाऱ्यांकडे विचाराला भरपूर वेळ होता, मागे फिरायची सोय होती. मी म्हणालो ना, खरी निवड तिथेच असते. वळणावरच्या माणसाला आपण इतके हार घालतो की कठडा उभारणाऱ्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. त्यागाची गोष्ट झाली की चौकशी संपते.

मी : क्रेवनच्या नावाची स्मृती-शर्यत बेल व्ह्यूच्या मैदानावर होत आली, तीही नको होती म्हणता?

मामा : असू दे की. चांगल्या माणसाची आठवण ठेवावी. पण घरी बायको आणि लहान मुलं असलेला 29 वर्षांचा माणूस होता तो. त्याच्या मुलांना बाप शूर होता हे ऐकायला आवडलं असेल. बाप घरी आला असता तर जास्त आवडलं असतं.

यावर मी वाद घातला नाही. कठड्याबद्दल मामा म्हणतात ते मला पूर्ण मान्य आहे, आणि क्रेवनबद्दल जो कोणी लिहील त्याने ते आधी लिहावं, असंही वाटतं. अर्ध्या सेकंदाबद्दल मात्र मी माझ्या जागेवरून हललेले नाही. क्रेवनच्या मनात काय होतं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण ज्यांच्या कामात विचाराला वेळच मिळत नाही, त्यांच्या हातांनी केलेलं चांगलं काम आपण त्यांच्या नावावर मांडणार नसू, तर त्यांच्या नावावर मांडायला काहीच उरत नाही. जॉर्ज हंटर त्या अपघातानंतरही बरीच वर्षं शर्यती करत राहिला. त्याचं श्रेय मी क्रेवनला देते.