शाईची बाटली उघडायची कधी?

आजचं वाचन: श्रीमद् दासबोध, दशक १९, समास १ (लेखनक्रियानिरूपण)

दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास. भक्ती, वैराग्य, माया, ब्रह्म असं सगळं वाचत वाचत आपण एकोणिसाव्या दशकाशी येतो. आणि तिथे पहिल्याच समासात समर्थ काय शिकवतात? अक्षर कसं काढावं!

अक्षर गोलसर, सुटं आणि ठळक असावं. पहिल्या पानावर जसं, तसंच शेवटच्या पानावर. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी नजर चांगली आहे म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही. ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस समासपट्टीपर्यंत लक्ष घालतो, हे पाहून मला दर वेळी मौज वाटते.

पुढे साहित्य येतं. निरनिराळ्या प्रांतांतले बोरू आणावेत. सुरी, कातरी जवळ असावी. हिंगूळ साठवावा. आणि शाईचाही संग्रह असावा. हो, संग्रह! ज्यांच्या ड्रॉवरमध्ये शाईच्या सात-आठ बाटल्या आहेत आणि घरचे त्यावरून बोलतात, त्यांना इथे एकदम हायसं वाटेल. पण थांबा, समास अजून संपलेला नाही.

आज शाईवर बोलायचं कारण म्हणजे या आठवड्यात एक नवी निळी शाई वापरून पाहिली. पेलिकन या जर्मन कंपनीची ‘एडेलश्टाइन’ नावाची शाईची मालिका आहे. एडेलश्टाइन म्हणजे रत्न. २०१२ पासून ते दर वर्षी एका रत्नाच्या नावाने एक खास रंग काढतात, थोड्या काळापुरता. २०२२ चा रंग ‘ॲपेटाइट’. पन्नास मिलिलिटरची जाड काचेची बाटली. रंग निळा, पण त्यात किंचित हिरव्याची झाक. आपण रामाला नीलमेघश्याम म्हणतो तो गडद निळा हा नव्हे. ही उन्हात चमकणाऱ्या उथळ पाण्याची निळाई.

रविवारी सकाळी पेन भरलं आणि आजच्याच समासातल्या ओव्या उतरवायला घेतल्या. कानामात्रा काढताना रंग फिका पडतो आणि जिथे निब उचलतो तिथे शाई साचून गडद होते. त्यामुळे एकाच अक्षरात दोन-तीन निळे दिसतात. खरं सांगायचं तर मन प्रसन्न झालं. परमार्थात असलो म्हणून सुंदर गोष्टीकडे पाठ फिरवली पाहिजे, असं समर्थ कुठेही म्हणत नाहीत. उलट ग्रंथ असा लिहावा की पाहणाऱ्याला हेवा वाटावा आणि लिहिणाऱ्याला भेटावंसं वाटावं, असा त्या सांगण्याचा रोख आहे.

मग अडचण कुठे येते? ‘लिमिटेड’ या शब्दापाशी.

तो शब्द दोनदा पकडतो. पहिल्यांदा विकत घेताना. गरज असो नसो, संपून जाईल म्हणून आपण घाईने कार्टमध्ये टाकतो. दुसऱ्यांदा घरी आल्यावर. आता हीच बाटली उघडवत नाही, कारण पुन्हा मिळायची नाही! अनबॉक्सिंगचा रील होतो, एका वहीत रंगाचा नमुना काढून होतो आणि बाटली कपाटात जाते. ‘काहीतरी खास लिहायला ठेवली आहे,’ असं आपण सांगतो. ते खास काही उगवत नाही.

साधा हिशोब करून पाहू. पेनच्या कन्व्हर्टरमध्ये एका वेळी साधारण पाऊण मिलिलिटर शाई मावते. म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत साठ-सत्तर वेळा पेन भरतं. रोज एक पान लिहिणाऱ्यालाही ती कितीतरी महिने पुरेल. आपण ज्याला घाबरतो ते ‘संपणं’ मुळात इतकं लांब आहे. आणि न उघडता ठेवलेली बाटली काय अमर आहे? वर्षानुवर्षांत शाईतलं पाणी हळूहळू उडतं, ती घट्ट होते. वापरली तर कागदावर जाईल, नाही वापरली तर काचेत आटेल. जाणार दोन्हीकडून आहे.

आता समासाकडे परत या. त्याच यादीत पुढे बासनं आहेत, मेणकापड आहे, पेट्या आणि कुलुपंसुद्धा आहेत. ही कुलुपं कशासाठी? ग्रंथ जपण्यासाठी. शाईचा संग्रह करा, पण जपून ठेवायचा तो ग्रंथ. शाई साठवायची ती कागदावर उतरण्यासाठी. आपली गल्लत इथेच होते. आपण शाईला कुलूप लावतो आणि ग्रंथ लिहायचा राहून जातो.

हे फक्त शाईचं नाही. चांगला आवाज आहे, पण ‘रियाज झाला की म्हणेन’. थोडा वेळ आहे, पण ‘सेटल झालो की उपासना सुरू करेन’. आई-बाबांशी नीट बोलायचं आहे, पण ‘सुट्टी मिळाली की’. या सगळ्या आपल्या न उघडलेल्या बाटल्या.

इथे मला माझी आजी आठवते. ती रोज संध्याकाळी त्रयोदशाक्षरी मंत्र लिहायची. दोनशे पानी शाळेची वही, साधी निळी शाई. भरलेल्या वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत असायच्या. २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. दोन दिवसांनी ट्रंक उघडली तर पानं नुसती निळसर झालेली. एक अक्षर वाचता येईना. आई रडायलाच लागली. आजीने वह्या उन्हात मांडल्या, प्रत्येकीला हात लावून नमस्कार केला, आणि संध्याकाळी शेजारच्या घरातून एक कोरी वही मागून आणायला सांगितली.

मी विचारलं, “आजी, सगळं गेलं ना गं?”

ती म्हणाली, “लिहिलेलं गेलं रे. लिहायचं कुठे गेलंय?”

इतक्या वर्षांत यापेक्षा नेमकं निरूपण मी ऐकलेलं नाही.

म्हणजे जपण्याला किंमत नाही का? आहे. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. त्या निबमधून छान वाहतात, पण पाण्याचा थेंब पडला की पसरतात आणि उन्हात फिक्या होतात. जुन्या पोथ्यांची शाई काजळीची. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, कागदाला धरून राहतात. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आजही आहे. जे पुढच्या पिढीच्या हातात द्यायचं ते टिकाऊ शाईनेच लिहावं, कडेला जागा सोडून. पण जप कोणाला दाखवायला नसतो. त्याची शाई धुवून गेली तरी लिहिताना मनावर जे उमटलं ते पाण्याने जात नाही.

या शाईच्या नावातही एक गंमत दडलेली आहे. ॲपेटाइट या खनिजाचं नाव ‘फसवणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं, कारण लोक त्याला भलतंच रत्न समजून फसत. आणि आपली हाडं, दात ज्या खनिजाचे बनले आहेत ते याच ॲपेटाइटच्या कुळातलं! फसवं रत्न बाटलीत नाही, आपण रोज तेच अंगात घेऊन फिरतो. समर्थांनी पहिल्या दशकाच्या शेवटच्या समासात नरदेहाचं स्तवन केलं आहे. देह कामी लावला तर त्याच्यासारखं साधन नाही, नुसता जपत बसलो तर तोही आटणारच. खरी लिमिटेड एडिशन ती. बाटलीवर निदान किती मिलिलिटर आहेत ते छापलेलं असतं.

आजची साधना:

१. घरात कोणतीही जपून ठेवलेली शाई, वही, पेन असेल तर आज उघडा. पहिली ओळ नामाची लिहा.

२. आजचा समास वाचा आणि त्यातली आवडलेली एक ओवी सावकाश, सुटं अक्षर काढून वहीत उतरवा. फोटो नाही काढला तरी चालेल.

३. फाउंटन पेन नसेल तर घ्यायला धावू नका. पाच रुपयांच्या बॉलपेनने लिहिलेलं नामही नामच असतं.

आणि नवी बाटली मागवायचा मोह झाला तर आधी एवढंच विचारा: मागच्या बाटलीतून काय लिहिलं?

जय जय रघुवीर समर्थ!